संध्याकाळी वाजवलेले दगड

दगड वाजवून घ्यायचा असतो, असं सांगितलं की लोक हसतात. मडकं वाजवून घ्यावं, नाणं वाजवून घ्यावं. दगड कसला वाजवायचा? पण आमच्या कारखान्यातला दगड म्हणजे रस्त्यावरचा धोंडा नव्हे. आमच्याकडे पंपांची लोखंडी कवचं ओततात. साच्यातून निघताना त्यांच्या कडांना नको तिथे धारा आलेल्या असतात. त्या घासून काढायला यंत्रावर जे गोल चाक गरगर फिरतं, त्याला आम्ही दगड म्हणतो. परातीएवढा, करड्या रंगाचा, मध्ये भोक. यंत्रावर चढवण्याआधी तो लाकडी खुंटीला अडकवायचा आणि लाकडी हातोडीने अलगद ठोकायचा. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, मग जरा फिरवून पुन्हा. अखंड दगड टण्ण वाजतो, आणि वाजून झाल्यावरही थोडा वेळ गुणगुणत राहतो. आत केसाएवढी चीर असली, तर ठप्प.

तो ठप्प ओळखणं हे माझं काम.

चीर असलेला दगड यंत्रावर चढला तर काय होतं, ते आमच्याकडे कुणी तोंडाने सांगत नाही. तीन नंबरच्या यंत्रावर छताच्या पत्र्याला एक ठिगळ आहे, तिकडे बोट दाखवतात. दगड मिनिटाला दीड हजार फेरे घेतो. तो फुटतो तेव्हा आधी सांगून फुटत नाही. माझ्या सासऱ्यांच्या काळात एक फुटला होता. त्याचा एक तुकडा पत्रा फाडून बाहेर गेला, आणि दुसरा ज्या माणसाला लागला त्याचं नाव सासऱ्यांनी घरात पुन्हा कधी काढलं नाही.

त्यांच्यानंतर स्टोअरची खिडकी माझ्याकडे आली. दगड वाजवायला त्यांनीच शिकवलं. म्हणायचे, "सूनबाई, हातोडी उचलण्याआधी देवाचं नाव घे, खूण केल्यावर पुन्हा घे. मधल्या वेळात मात्र फक्त दगडाचं ऐक." दगडाच्या पोटावर कागदाची गोल चकती चिकटवलेली असते. तिच्यावर लाल पेन्सिलीने बरोबरची खूण केली, की तो दगड माणसापुढे लावायला मोकळा. खूण माझी, आणि पुढे उभा राहणारा माणूस दुसऱ्या कुणाचा तरी.

तीन नंबरवर तर माझाच माणूस होता. माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन आले तेव्हा नऊ वर्षांचा होता, आई नव्हती. त्याचे दुधाचे शेवटचे दात मी पाडलेत, बुटांची नाडी बांधायला मी शिकवलंय. आता दोन लेकरांचा बाप झाला, तरी घास घेताना माझ्या ताटात डोकावतोच. कारखान्यात त्याला फुलबाजा म्हणतात, कारण त्याच्या दगडाखालून ठिणग्या सगळ्यांत लांब जातात. तो मला वहिनी म्हणतो म्हणून सगळेच वहिनी म्हणायला लागले. माझ्या वडिलांच्या वयाचे मुकादमसुद्धा.

दगड घ्यायला खिडकीशी आला की त्याची टकळी सुरू व्हायची.

"वहिनी, नीट वाजवलायस ना? नाहीतर माझे तुकडे तुलाच गोळा करावे लागतील."

"मेल्या, जीभ आवर! काय बोलतोस सकाळी सकाळी!"

"तुझी खूण असली की मी डोळे मिटून उभा राहतो बघ."

"डोळे उघडे ठेव. आणि चष्मा कुठाय? कपाळावर लावायला दिलाय का तो?"

असं आमचं चालायचं. मी रागवायचे, तो हसायचा, आणि मी मनातल्या मनात देवापुढे हात जोडायचे.

या वर्षी वीज जायला लागली. सकाळी नऊला गेली की संध्याकाळी सहापर्यंत नाही. मालकांनी जनरेटर आणला आणि ठेवला कुठे, तर स्टोअरच्या मागच्या भिंतीला लागून, पत्र्याच्या आडोशात. तिथेच जागा होती म्हणे. पहिल्या दिवशी तो सुरू झाला तेव्हा मी हातातला खिळ्यांचा डबा टाकून दाराबाहेर पळाले होते. भिंत अंगावर आली असं वाटलं. मग सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते, ही देवाची दया म्हणावी की आणखी काही, मला कळत नाही. फळीवरचे बोल्ट आपोआप कडेला सरकत यायचे. पेल्यातल्या पाण्यावर दिवसभर सुरकुत्या असायच्या. खिडकीशी कुणी आलं तर बोलणं नाहीच, नुसत्या खुणा. हवेत बोट गोल फिरवलं की दगड, तळवे चोळले की हातमोजे, डोळ्यांपुढे दोन बोटं धरली की चष्मा. फुलबाजा मधूनच पोटावर हात फिरवायचा. त्याचा अर्थ, डबा उघड.

एवढ्या गोंगाटात दगड कसा वाजवायचा? हातोडी मारली तरी मारल्यासारखं वाटायचं नाही. मुकादम डोकं धरून बसले होते. तेव्हा तोड मीच काढली.

"सहाला जनरेटर बंद होतो ना? मी अर्धा तास मागे थांबते. दुसऱ्या दिवशीचे सगळे दगड तेव्हा वाजवून ठेवते. तेव्हा चिटपाखरू नसतं."

"वा, वहिनी! याला म्हणतात डोकं. आमची डोकी नुसती टोपी घालायला आहेत."

तुम्ही असता तर तुम्हीही हेच म्हणाला असता. कुणालाही पटेल असंच होतं ते. सहा वाजले की जनरेटर धापा टाकत थांबायचा, माणसं हात धुऊन निघून जायची, आणि अख्ख्या कारखान्यावर अशी मऊ शांतता उतरायची, की मला ती खास माझ्यासाठी पाठवल्यासारखी वाटायची. मी दिवा जवळ ओढून घ्यायचे, देवाचं नाव घ्यायचे आणि एकेक दगड खुंटीला लावायचे. सगळे एकसारखे वाजायचे. जरा हलके, जरा गोल, पण एकसारखे. मी खूण करून ठेवायचे.

पाच महिन्यांत माझ्या हातून एकही दगड बाद झाला नाही. आधी तीस-चाळीसात एखादा निघायचाच. गाडीतून येताना आपटतात, गोणीखाली दबतात, चीर जाते. मुकादम खूश होते. "नवा व्यापारी माल चोख देतो," असं चार जणांना सांगायचे. मीही मान डोलवायचे.

कानात शिट्टी वाजायला लागली होती. बारीक, कुणीतरी लांबवर दूध तापत ठेवून विसरल्यासारखी. रात्री उशीवर डोकं टेकलं की जास्त. नवरा म्हणायचा, "अगं, मी समोर बसलोय, पलीकडच्या गल्लीत नाही. किती ओरडतेस?" मी म्हणायचे, "तुम्ही पुटपुटता म्हणून." आठवड्यातून एकदा, गुरुवारी, काम सुटल्यावर मी देवाच्या गोष्टी ऐकायला जाते. एक बाई त्या गाऊन सांगतात, मध्ये थांबून समजावतात, आणि आम्ही बायका मागे सूर धरतो. एवढं एक माझं सुख. तिथे शेजारणीने मला चिमटा काढला. "सूर सोडलास गं." मला राग आला. वीस वर्षं मागे धरतेय, मला सूर शिकवतेस? पण त्या दिवशी झांजाही बोथट वाटल्या होत्या. धार गेलेल्या विळीसारख्या. मी म्हटलं, झांजा जुन्या झाल्या.

देवाने माणसाला ओठ मिटता येतील असे दिले, डोळ्यांना पापण्या दिल्या. कानाला मात्र दार दिलं नाही. त्या बाईच एकदा गाता गाता म्हणाल्या होत्या. मला ते फार गोड वाटलं होतं. त्यात भिण्यासारखंही काही आहे, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

तो सोमवार होता. रविवारी मी दिवसभर घरी होते, दुपारी झोपलेही होते. आठच्या आधी कारखान्यात आले. आठ ते नऊ आमच्याकडे तारेची वीज असते, जनरेटर गप्प असतो. आठला यंत्रं सुरू झाली. पाच नंबरवरच्या दाढीवाल्याने यंत्र तसंच फिरतं ठेवून खिडकीतून हात घातला.

"वहिनी, माझा दगड झिजला. नवा द्या."

शनिवारी संध्याकाळी वाजवलेले सहा दगड फळीवर उभे होते. सगळ्यांवर लाल खूण. मी पहिला घेतला. खरं तर तसाच द्यायचा होता. पण खुंटी वाटेत होती, हातोडी हाताशी होती, हाताला सवय होती. अडकवला आणि ठोकला.

ठप्प.

मला वाटलं, हातोडी तिरकी बसली. पुन्हा ठोकला. डावीकडे ठप्प, उजवीकडे ठप्प. दगड फिरवला. तेच. मी चकतीवरची खूण बघितली. माझीच होती. लाल पेन्सिलीचं शेपूट वर जाताना मी नेहमी जरा वळवते, तसं वळवलेलं.

"काय झालं?" दाढीवाला म्हणाला.

"थांब."

दुसरा लावला. टण्ण. किती स्वच्छ! किती दिवसांत असा आवाज ऐकला नव्हता मी. अंगावर काटा आला तो त्या गोड आवाजाने. कारण मला एकदम कळलं, की शनिवारी संध्याकाळी हे दोन्ही दगड मला सारखेच ऐकू आले होते.

तिसरा टण्ण. चौथा टण्ण. पाचवा ठप्प.

भर उन्हातून घरात आलं की कसं सगळं काळं दिसतं, घरातली माणसं ओळखू येत नाहीत, तसं माझ्या कानांचं रोज संध्याकाळी होत होतं. नऊ तास त्या भिंतीशी बसून कान मिटून गेलेले असायचे. बाहेर शांत झालं म्हणून मी समजत होते की आता ऐकू येईल. ती मऊ शांतता कारखान्याची नव्हतीच. ती माझ्या कानांत होती. आणि त्या बहिऱ्या अर्ध्या तासात मी पाच महिने खुणा करत होते.

रविवारच्या विश्रांतीने कान थोडे उघडले होते, म्हणून हे कळलं. आणि त्याच क्षणी दुसरं कळलं. तीन नंबरचा दगड शनिवारी दुपारी बदलला होता. शुक्रवारी संध्याकाळी वाजवलेला. माझी खूण असलेला.

मी धावले. कसली चप्पल आणि कसलं काय. पाचही यंत्रं भरात होती, ठिणग्या उडत होत्या. फुलबाजा पाठमोरा होता, कवच दोन्ही हातांनी दगडावर दाबून धरलेलं. मी हाक मारली. मारून उपयोग नव्हता; सगळेच कानात कापूस घालतात. दगड घासत असलेल्या माणसाला मागून हात लावायचा नसतो, दचकला तर हातच आत जातो. त्याच्या मानेवर घाम होता. दगडाच्या रेषेत त्याची छाती होती, हनुवटी होती. मला ते छताचं ठिगळ दिसलं, आणि त्याच्या खाली तो दिसला, एका नजरेत दोन्ही.

मुख्य खटका खांबावर आहे. तो मी दोन्ही हातांनी खाली ओढला.

दिवे गेले. यंत्रांचा आवाज उतरायला लागला. पण दगड लगेच थांबत नाही. वीज गेली तरी तो आपल्या जोरावर फिरत राहतो, दोन-दोन, तीन-तीन मिनिटं. आणि फुटायचा असेल तर फिरण्याच्या जोरानेच फुटतो, त्याला विजेशी देणंघेणं नाही. मी हात पसरून ओरडले, "बाजूला व्हा! दगडापुढून बाजूला! सगळे!" माझ्या चेहऱ्यात काय दिसलं कुणास ठाऊक, चौघे बाजूला झाले. फुलबाजा मात्र कपाळावर चष्मा सरकवून हसत माझ्याकडे वळला. दगड अजून त्याच्या शेजारी फिरत होता, करडा, गुळगुळीत, निरागस.

मी त्याची बाही धरून त्याला ओढलं. तो अडखळला.

"अगं, काय करतेस? भूकंप झाला का?"

"बोलू नकोस. भिंतीशी चल."

आम्ही सहा जण भिंतीला पाठ लावून उभे राहिलो आणि पाच दगड फिरताना बघत राहिलो. इतकी लांब तीन मिनिटं मी आयुष्यात बघितली नाहीत. मी नामस्मरण करायला लागले, पण नाव अर्ध्यावर तुटायचं. एकेक दगड हळू झाला, त्याच्या चकतीवरचा लाल डाग आधी रेघ झाला, मग डोळा, मग माझी खूण. शेवटचा तीन नंबरचा थांबला.

मुकादम धावत आले होते. "वहिनी! कुणाला विचारून खटका पाडलात? आज गाडी भरायची आहे, माहितेय ना?"

"मुकादम, दगड उतरवा. सगळे उतरवा."

"का?"

बोलायला हवं होतं. वीस वर्षांचं नाव एका वाक्यात जाणार होतं, आणि स्टोअरची खिडकीही. पण फुलबाजाच्या बाहीचं कापड अजून माझ्या मुठीत होतं.

"मला संध्याकाळी ऐकू येत नाही," मी म्हटलं. "जनरेटरपाशी बसून बसून कान बंद होतात. पाच महिने मी न ऐकताच खुणा केल्यात. आत्ता फळीवरचे पाच वाजवले, दोन फुटके निघाले. दोन्हींवर माझी खूण आहे."

दाढीवाल्याने आपल्या यंत्राकडे बघितलं आणि दोन पावलं आणखी मागे सरकला.

मुकादम म्हणाले, "हे बघा वहिनी, पाच महिने चालतायत ना? फुटला का एक तरी? तुम्ही उगाच मनाला लावून घेताय. झोप झाली नसेल."

"झोप झाली म्हणूनच कळलं."

"वहिनी म्हणते तर उतरवू की," फुलबाजा म्हणाला. "त्यात काय? दहा मिनिटांचं काम. माझाच आधी उतरवा. म्हणजे हिचा जीव थाऱ्यावर येईल आणि मला माझी बाही परत मिळेल."

त्याने पाना घेतला. नट सुटताना करकरला तेव्हा मी डोळे मिटले. दगड काढून त्याने कडेवर मूल घ्यावं तसा घेतला आणि खुंटीला आणून लावला. साडेआठ होऊन गेले होते. नऊला जनरेटर लागणार, मग माझे कान पुन्हा जाणार. जे काय ऐकायचं ते आत्ताच.

मी हातोडी उचलली. डावीकडे ठोकलं.

टण्ण.

उजवीकडे. टण्ण. फिरवून पुन्हा. टण्ण, टण्ण.

मी तिथेच गोणीवर बसले.

"ऐकलंत?" मुकादम म्हणाले. "खणखणीत आहे."

"घंटेसारखा," दाढीवाला म्हणाला.

बाकीच्या तिघांनीही माना हलवल्या. फुलबाजाने स्वतः हातोडी घेऊन ठोकून बघितलं, कान जवळ नेऊन. "टण्ण बोलतोय बिचारा. उगाच बदनाम केलंस त्याला, वहिनी." आणि दगड उचलायला हात घातला.

"ते दार ठोकलंत होय?"

चहावाल्या मावशी किटली घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांची टपरी रस्त्याच्या वळणावर, कारखान्यापासून बरीच लांब. दिवसातून दोनदा येतात, कप वाटतात, सगळ्यांची चौकशी करतात आणि जातात.

"दार नाही मावशी, दगड," मुकादम म्हणाले. "ठेवा चहा तिथे."

"दगड का असेना. आवाज दाराचा आला. आमच्या मोरीचं दार फुगलंय, ते असंच वाजतं."

सगळे हसले. मला हसू आलं नाही.

"मावशी," मी म्हटलं, "तुमचे कान कसे आहेत?"

"माझे? शेजारणीच्या घरात नवरा-बायको कुजबुजले ना, तर मला भांडणाचं कारणसुद्धा ऐकू येतं. म्हातारपणी देवाने सगळं काढून घेतलं, तेवढं ठेवलंय."

"जरा पाठ करून उभ्या राहा. मी तीन दगड वाजवते. कुठला कसा वाटतो, सांगा."

"आता हे काय नवीन खूळ!" मुकादम म्हणाले. पण मावशी किटली ठेवून वळल्या सुद्धा.

मी फळीवरचा चांगला दगड आणला. सकाळी टण्ण वाजलेला. ठोकला.

"घंटा," मावशी म्हणाल्या.

मग तो पहिला, ठप्पवाला.

"दार."

मग तीन नंबरचा. मला तर पुन्हा टण्णच ऐकू आलं. अगदी स्वच्छ. मी मावशींच्या पाठीकडे बघत राहिले. अंबाड्यात खोचलेली पेन्सिल, खांद्यावर चहाचं फडकं.

"दार," मावशी म्हणाल्या. "पहिल्याइतकं फुगलेलं नाही, पण दारच."

मी क्रम बदलला. दोनदा तोच लावला, मध्ये दुसरा आणला. सहा वेळा ठोकलं. सहाही वेळा त्यांनी तीन नंबरच्या दगडाला दारच म्हटलं. आता कुणी हसत नव्हतं. चहावर साय धरली होती.

"वळू का?" मावशींनी विचारलं. त्या आपणहून वळल्या, आमची तोंडं बघितली आणि खांद्यावरच्या फडक्याला हात पुसत राहिल्या.

बाद झालेला दगड तसाच ठेवायचा नसतो. चुकून कुणी पुन्हा चढवेल म्हणून फोडून टाकायचा, असा नियम आहे. फुलबाजाने तो जमिनीवर आडवा ठेवला आणि घण उचलला. फार जोरात मारावं लागलं नाही. एकाच घावात दोन शकलं झाली, कुणीतरी आधीच रेघ मारून ठेवल्यासारखी. मी एक शकल उचललं. फुटलेला भाग बाहेरच्या कडेला कोरा, ताजा, चमकणारा होता. भोकापासून मात्र चार बोटं रुंदीचा काळा पट्टा. तिथे चीर आधीच उघडलेली होती आणि तिच्यात लोखंडाची बारीक भुकटी जाऊन बसली होती. शनिवारची आणि आजची. कोरा भाग तीन बोटं उरला होता. तेवढ्यावर तो दगड फिरत होता. तेवढ्यावर माझा दीर उभा होता.

मुकादमांनी ते शकल माझ्या हातातून घेतलं, बोटाने पट्टा चोळून बघितला, बोट काळं झालं. मग त्यांनी घड्याळ बघितलं आणि मागच्या आडोशाकडे जाऊन जनरेटरवाल्याला काहीतरी सांगून आले. तो किल्ली खिशात टाकून बाहेर येऊन बसला. नऊ वाजले, वीज गेली, पंखे थांबले. जनरेटर लागला नाही.

"मावशी," मुकादम अगदी हळू म्हणाले, "आज टपरीवर उशिरा गेलात तर चालेल? अजून चार यंत्रांवरचे आहेत." जाताना त्यांनी करंगळी कानात घालून फिरवली, काढली, पुन्हा घातली. खणखणीत आहे, असं सगळ्यांत आधी तेच म्हणाले होते.

माणसं पाने घेऊन आपापल्या यंत्रांकडे गेली. मावशी लांब, दाराजवळ किटलीपाशी बसल्या. फुलबाजा गोणीवर बसला होता, दोन्ही शकलं मांडीवर घेऊन. ती तो जुळवून बघत होता. मी त्याच्यासमोर उकिडवी बसले.

"वहिनी," तो म्हणाला, "मला चांगला वाजलेला ऐकू आला होता."

"मलाही."

"तुझं ठीक आहे, तू भिंतीशी बसतेस. पण मी..." त्याने पुढचं गिळलं.

"हे बघ, आपण दोघं डॉक्टरकडे जाऊ. आजच जाऊ. आणि जनरेटर तिथून हलेपर्यंत मी त्या खिडकीत बसणार नाही, आणि तूही दगडापुढे उभा राहायचं नाहीस."

त्याने मान हलवली. तो माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हता. ओठांकडे बघत होता.

मला ते कळलं. मी उठले. शकलं ठेवायला जागा बघतेय असं दाखवून त्याच्याकडे पाठ केली आणि चार पावलं गेले. कारखाना इतका शांत होता, की कुणाचा तरी पाना जमिनीवर ठेवल्याचा आवाजही घुमला. लहानपणी ताप आला की मी त्याला एका नावाने उठवायचे. घरातलं नाव, दुसऱ्या कुणाला माहीत नाही. त्या नावाने मी हाक मारली. घरात मारते तशीच, हळू.

दाराजवळ मावशींनी मान वर केली.

मी वळून बघितलं. तो खाली बघत दोन शकलं जुळवत बसला होता.

मी पुन्हा हाक मारली.